टेकऑफनंतर इंजिन गेलं तर मागे वळायचं की नाही? (काल सरांची बोलणी खाल्ली)

रानपाखरू | १३ मार्च, रात्री ९:५२

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मी गेल्या वर्षापासून विमान चालवायला शिकतेय, आपल्याच महाराष्ट्रातल्या एका छोट्या धावपट्टीवर. सेसना १७२ आहे, आत्तापर्यंत ४१ तास झालेत, त्यातले ९ एकटीने. गावाचं नि क्लबचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कृपया विचारू नका, सर इथे वाचनमात्र असतात असा मला दाट संशय आहे.

तर झालं असं की काल सकाळी सर बरोबर होते, टेकऑफ छान झाला, ६०० फुटांवर असू आणि सरांनी काही न बोलता थ्रॉटल (इंजिनची पॉवर कमी-जास्त करायचा दांडा) मागे ओढला. "इंजिन गेलं. बोल." मी एक क्षण नुसती बघत बसले, मग डोक्यात एकच आलं की रनवे मागे आहे, म्हणून डावीकडे जोरात वळवलं. पुढच्या काही सेकंदांत स्टॉलची पिपाणी (पंखांची उचल जाणार हे सांगणारी) वाजायला लागली आणि सरांनी "माझं कंट्रोल" म्हणून विमान घेतलं, नाक खाली, पॉवर पुढे, परत वर. खाली उतरेपर्यंत एक शब्द नाही. मग चहाच्या टपरीवर म्हणाले, "तू मघाशी त्या लिंबाच्या झाडापाशी पडलीस, मी पण तुझ्याबरोबर पडलो, माझ्या बायकोला काय सांगू?"

पुस्तकात वाचलंय की सरळ पुढे उतरायचं. पण खरं सांगू का, मनाला पटत नाही. सव्वा किलोमीटरची मस्त डांबरी धावपट्टी पाठीमागे असताना मी समोरच्या शेतात ढेकळांत का उतरू? कोणी नीट समजावून सांगेल का, नुसतं 'नियम आहे' नको.

---

पुणेरी_शंका | १३ मार्च, रात्री १०:१५

प्रश्न रास्त आहे. मी विमान चालवत नाही (सिम्युलेटरवर चालवतो, हसू नका), पण मागे वळणं अशक्य वगैरे म्हणतात ते अतिशयोक्त आहे. अमेरिकन नेव्हल अकॅडमीतले प्राध्यापक डेव्हिड रॉजर्स यांनी १९९५ साली यावर रीतसर पेपर लिहिलाय, ४५ अंश बँक ठेवून (म्हणजे विमान तेवढं बाजूला कलंडवून), स्टॉलच्या जरा वरच्या वेगाने थेंबाच्या आकाराचा मार्ग घेतला तर कमीत कमी उंची जाते असं त्यांचं गणित आहे. तेव्हा सरांनी एवढं रागवायचं कारण कळलं नाही.

---

ढगातली_म्हैस | १३ मार्च, रात्री १०:२१

पॅराशूट नसतं का हो विमानाला? भाबडा प्रश्न.

---

पुणेरी_शंका | १३ मार्च, रात्री १०:२६

@म्हैस, सिरस कंपनीच्या विमानांना असतं, अख्खं विमान लटकतं त्याला. पण ते उघडायलाही उंची लागते, मॉडेलप्रमाणे साधारण ४०० ते ६०० फूट. सेसना १७२ ला मूळचं नसतं.

---

निवृत्त_कॅप्टन | १४ मार्च, सकाळी ६:१०

रानपाखरू, तुझ्या सरांना माझा नमस्कार सांग. जवळपास तीस वर्षं शिकवलंय, त्यामुळे ती पिपाणी मी पण बऱ्याच जणांच्या शेजारी बसून ऐकलीय.

आधी तुझ्या विमानाचं बोलू. टेकऑफनंतर तू ७४ नॉटने (ताशी साधारण १३७ किलोमीटर) चढतेस, नाक वर असतं. पॉवर गेली की विमान आहे त्या नाकाने वर जायला बघतं आणि वेग बदाबदा उतरतो. माणूस पहिले तीन-चार सेकंद "हे खरंच झालं का?" यातच घालवतो, तूही घालवलेस, मीही घालवले असते. तेवढ्यात तू साठीच्या खाली आलीस. १७२ चा नवा मॉडेल असेल तर फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) वर असताना पूर्ण वजनाला स्टॉल ४८ नॉटला होतो, पण तो सरळ उडताना. ४५ अंश बँकला तोच स्टॉल ५७ ला होतो आणि ६० अंशाला ६८ ला. आता बघ, तुझा सर्वात चांगला ग्लाइडचा, म्हणजे इंजिनाविना तरंगत उतरायचा, वेगच ६८ आहे. म्हणजे घाबरून ६० अंश कलंडवलंस तर ग्लाइडच्या वेगावर विमान उडायचं थांबतं. तुझी पिपाणी त्यासाठी वाजली.

आता सावकाश वळलीस तर काय होतं तेही बघ. अमेरिकेच्या एफएएच्या (तिथलं विमान वाहतूक खातं) हँडबुकात याचं एक उदाहरण असायचं, मी प्रत्येक बॅचला फळ्यावर काढायचो. ३०० फुटांवर इंजिन गेलं, चार सेकंद विचारात गेले, मग ६५ नॉटने नेहमीच्या सावकाश दराने म्हणजे सेकंदाला ३ अंश वळायला घेतलं. १८० अंश वळायला एक मिनिट. तोवर तू धावपट्टीच्या बाजूला ४,२०० फूट लांब, कारण वर्तुळाची त्रिज्याच २,१०० फूट आहे. मग धावपट्टीकडे तोंड करायला अजून ४५ अंश. मिनिटाला हजार फूट खाली येतेस असं धरलं तर एकूण १,३१६ फूट गेले. होते किती? ३००. म्हणजे विमान जमिनीखाली १,०१६ फुटांवर. आमच्याकडच्या पोरांना मी म्हणायचो, बोअर मारली तरी एवढं खोल पाणी लागत नाही.

पुणेरी_शंका, रॉजर्स यांचं गणित चूक नाहीच. ४५ अंशाला ६५ नॉटवर त्रिज्या जेमतेम ११५ मीटर होते आणि २२५ अंश तेरा-चौदा सेकंदात वळून होतात. कागदावर सुंदर. पण त्यासाठी पहिल्या क्षणी नाक खाली दाबावं लागतं, मग जमिनीपासून पाचशे फुटांवर, समोरच्या काचेत नुसती शेतं दिसत असताना, ४५ अंश कलंडून, नाक वर ओढू नकोस रे ओढू नकोस असं स्वतःला बजावत, वेगाच्या काट्यावर डोळा ठेवून वळायचं. ज्याने सराव केलाय त्याला ठराविक उंचीवर जमतं. ४१ तासांच्या पोरीला अचानक सांगितलं तर काय होतं ते तिने वर लिहिलंच आहे.

---

निवृत्त_कॅप्टन | १४ मार्च, सकाळी ६:३४

एक राहिलं, आणि हे पुस्तकं फार कमी सांगतात. इंजिन बंद झाल्यावर १७२ साधारण १ ला ९ उतरतं, म्हणजे फूटभर खाली येताना नऊ फूट पुढे. चढताना? थंडीत सकाळी एकटी असशील तर मिनिटाला ७०० फूट चढशील, आणि ७४ नॉटने मिनिटाला साधारण ७,५०० फूट पुढे जाशील. म्हणजे १ ला जवळपास ११. तू चढतेस त्यापेक्षा तीव्र उतारानेच उतरतेस! वारा नसेल आणि तू एका रेषेत दूर जात असशील तर वळण फुकट मिळालं असतं तरी जिथून चाकं उचलली तिथे पोचली नसतीस. मग परत येणं जमतं ते कशाच्या जोरावर? तर उरलेल्या धावपट्टीच्या लांबीच्या आणि समोरच्या वाऱ्याच्या. आता हेच मे महिन्यात विदर्भात कर, ४४ डिग्री, दोन माणसं, टाकी भरलेली, मिनिटाला ४५० फूट मिळाले तर नशीब. मग १ ला १६-१७. ६०० फुटांवर असशील पण धावपट्टी कुठल्या कुठे मागे राहिलेली असेल. म्हणून कोणी छातीठोक "७०० फुटांवर वळता येतं" म्हणालं की मी विचारतो, कुठल्या महिन्यात?

---

हँगरवाला | १४ मार्च, दुपारी १:२०

कॅप्टनसाहेबांनी वरचं सांगितलं, मी खालचं सांगतो. मी मेंटेनन्समधला, हात कायम काळे.

इंजिन "अचानक" जातं असं पायलट सांगतात. पुष्कळदा ते आधी कुजबुजलेलं असतं, ऐकायला कोणी नसतं. सगळ्यात जास्त वेळा भानगड पेट्रोलची. पंखांवरच्या टाकीच्या झाकणाचं रबर उन्हात तडकतं, पावसाळ्यात विमान बाहेर उभं राहिलं की थेंब थेंब पाणी आत जातं. म्हणून सकाळी ड्रेन करायचं, म्हणजे टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल भांड्यात काढून बघायचं. आमचं १०० एलएल (विमानाचं पेट्रोल) निळसर असतं, पाणी जड म्हणून भांड्याच्या तळाशी गोळी होऊन बसतं. पण एक गंमत सांगतो, एकदा एका मुलाने भांडं दाखवलं, "सर बघा एकदम स्वच्छ, एकही थेंब नाही". बरोबर आहे, कारण ते सगळंच पाणी होतं! रंग बघ, वास घे, उजेडाला धर. त्या दिवशी ते विमान तसंच उडालं असतं तर पाइपात उरलेल्या चांगल्या पेट्रोलवर टॅक्सी झाली असती, रनअप (उडण्याआधीची इंजिनाची चाचणी) झाला असता आणि चाकं उचलल्यावर पाणी पोचलं असतं. नेमकं तिथेच.

दुसरं मॅग्नेटो, इंजिनात ठिणगी देणारे, दोन असतात. १७२ ला १,८०० आरपीएमवर एकेक बंद करून बघतात, १५० पेक्षा जास्त पडायला नको आणि दोघांत ५० पेक्षा जास्त फरक नको. लाईनीत मागे चार विमानं उभी असली की पोरं "चालतंय चालतंय" करतात. चालत नाही, परत आणा, शिव्या आम्ही देऊ पण विमान दुरुस्त करून देऊ.

तिसरं, कार्ब्युरेटरवालं जुनं १७२ किंवा १५२ असेल तर आइसिंग. लोकांना वाटतं महाराष्ट्रात कुठला बर्फ. कार्ब्युरेटरच्या गळ्यात हवा नि पेट्रोलची वाफ मिळून तापमान चांगलंच खाली येतं, दमट हवेत बाहेर घाम येत असला तरी आत बर्फ धरू शकतो. कमी पॉवरवर जास्त. पावसाळ्यात उतरताना कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणं) विसरायचं नाही.

आणि धावपट्टीवर थ्रॉटल पूर्ण दिल्यावर काटे बघा रे. आरपीएम पूर्ण आले का, ऑइल प्रेशर हिरव्यात आहे का, एअरस्पीड हलतोय का. अर्ध्या धावपट्टीपर्यंत उडण्याच्या वेगाच्या ७० टक्के आला नाही तर तिथेच थ्रॉटल बंद. जमिनीवर बंद पडलेलं इंजिन हे माझं काम. हवेत बंद पडलं की तुमचं.

---

जर्सीकर | १४ मार्च, रात्री ११:०५ (इथे दुपार)

धागा वाचून हाताला घाम फुटला, कारण माझ्यावर बेतलंय. इकडे न्यू जर्सीत हौस म्हणून उडवतो, शनिवार-रविवार, भाड्याचं जुनं १७२. चार वर्षांपूर्वी बायकोच्या भावाला फिरवायला नेलं होतं. साधारण ६०० फुटांवर अख्खं विमान लटलट हलायला लागलं, म्हणजे वॉशिंग मशीनमध्ये एकाच बाजूला चादर गोळा झाली की कसं नाचतं, तसं. आरपीएम २,४०० वरून १,९०० वर आले. पण इंजिन बंद नाही पडलं! हीच तर गोची. बंद पडलं असतं तर मी निमूट नाक खाली करून समोर उतरलो असतो, दर वर्षी तेच घोटून घेतात. इथे इंजिन म्हणतंय मी आहे अजून, जा तू मागे, आणि मेव्हणा विचारतोय हे नॉर्मल आहे का.

मी काय केलं तर उंची राखायला नाक वर धरून बसलो. वेग ७० वरून ६२ वर कधी आला कळलंच नाही. मग कुठूनतरी आठवलं, आधी विमान उडव. नाक खाली घातलं, ७० केले, हळूहळू उतरत हलक्या वळणाने आडव्या धावपट्टीकडे गेलो, तिकडे फक्त नव्वदेक अंशच वळायचं होतं. निम्म्या धावपट्टीवर टेकलो. रेडिओवर मी काहीच बोललो नाही, उतरल्यावर लक्षात आलं. नंतर कळलं की एका सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अडकला होता. मेव्हणा परत कधी बसला नाही, आता भारतातून आला की ट्रेननेच फिरतो.

नंतर वाचायला घेतलं तर ऑस्ट्रेलियाच्या एटीएसबीचा (अपघातांचा तपास करणारी तिथली सरकारी संस्था) अहवाल सापडला. २००० ते २०१० या काळात त्यांच्याकडे एक इंजिनवाल्या विमानांत टेकऑफनंतर पॉवर अर्धवट जायच्या २४२ घटना, त्यातल्या ९ जीवघेण्या. इंजिन पूर्ण बंद पडायच्या ७५, त्यात जीवघेणी एकही नाही. मला हे वाचून धक्काच बसला होता. अर्धवट जाणं तिपटीने जास्त, आणि सराव मात्र आपण सगळा पूर्ण बंद पडण्याचा करतो.

---

निवृत्त_कॅप्टन | १५ मार्च, सकाळी ६:०५

जर्सीकर, मनापासून लिहिलंत. ६२ वर गेलो हे कबूल करणारे पायलट कमी भेटतात. माझा नियम असा की जे इंजिन अर्धवट चालतंय ते कुठल्याही सेकंदाला पूर्ण जाणार आहे असंच धरायचं, त्याच्या पॉवरवर जे मिळेल ते बोनस. वेग ग्लाइडच्या खाली जाऊ द्यायचा नाही, नि प्रत्येक क्षणी खाली एक जागा हेरून ठेवायची. आडवी धावपट्टी घेतलीत ते उत्तम, लोकांना १८० अंशच सुचतात.

---

सिनेमावेडी | १५ मार्च, सकाळी ११:४०

हॅरिसन फोर्डचं असंच झालं ना? २०१५ मध्ये?

---

जर्सीकर | १५ मार्च, सायंकाळी ५:५०

हो, ५ मार्च २०१५, कॅलिफोर्नियात सँटा मोनिका. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं रायन पीटी-२२. टेकऑफनंतर इंजिन गेलं, त्याने टॉवरला परत येतो म्हणून सांगितलं पण जमणार नाही दिसल्यावर धावपट्टीचा हट्ट सोडला आणि जवळच्या गोल्फच्या मैदानावर टाकलं. झाडाच्या शेंड्याला लागून पडलं, जखमी झाला बऱ्यापैकी, पण वाचला, खाली कोणाला लागलं नाही. तपासात निघालं की कार्ब्युरेटरमधला मुख्य जेट आट्यांमधून सैल होऊन निघाला होता. हँगरवाले खूश होतील.

---

हँगरवाला | १५ मार्च, सायंकाळी ६:१२

खूश कसला. तो जेट बसवणारा माणूस मीच असतो ना कुठेतरी.

---

कुतूहल७१ | १५ मार्च, रात्री ८:३०

मग अहमदाबादला पण त्यांनी सरळ समोर

---

संपादक | १५ मार्च, रात्री ८:४४

अहमदाबादच्या अपघातासाठी वेगळा धागा आहे, तिथे लिहा. ते मोठं दोन इंजिनांचं विमान, इथली गणितं तिकडे लावू नका. इथे सिंगल इंजिनवरच राहू.

---

नांगरधारी | १५ मार्च, रात्री ९:२०

मंडळी, मी शेतकरी माणूस, आमच्या रानावरनं रोज हे विमान घरघरत जातंय. तुम्ही सगळे 'समोर शेतात उतरा' म्हणताय, पण शेत म्हंजी काय एक असतं व्हय? कुणीतरी शेतकऱ्याला इचारलं का कधी? आता ताई इचारत नाही तरी सांगतो.

ऊस वरनं हिरवागार गादीसारखा दिसतो. गादी नव्हं ती. दहा-बारा फूट उंच असतो, चाकं अडकली की विमान पालथं. द्राक्षाच्या बागेत तर बिलकुल जायचं न्हाई, लोखंडी अँगल नि तारा, गळा कापंल. डाळिंबाची झाडं वरनं टिपके टिपके दिसतात, मधनं दगड गोळा करून ठिवलेले. शेततळं निळं चकचकीत दिसतंय, त्यात प्लास्टिक कागद, आत गेलं माणूस की घसरून वर येता येत न्हाई, पवणाऱ्याला बी. पावसाळ्यात काळ्या रानात ट्रॅक्टर रुततोय तर तुमचं चाक काय, टेकलं की नाकावर.

चांगलं रान कुठलं, तर आत्ता मार्चात हरभरा नि गहू काढल्यालं. वरनं पिवळट-पांढरं, सपाट दिसतंय ते. नांगरल्यालं आसंल तर सऱ्यांच्या आडवं नको, सरीच्या दिशेनं लांबलचक जायचं. बांध आडवा नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, विजेच्या तारा दिसत न्हाईत वरनं, खांब बघायचे. खांब एका ओळीत दिसले की मधी तार आहे म्हणूनच समजायचं. विहिरी बऱ्याच बिनकठड्याच्या. आणि वारा कुठनं हाय ते बघायला कारखान्याचं धुराडं हायच, हंगाम चालू आसंल तर.

---

निवृत्त_कॅप्टन | १५ मार्च, रात्री ९:५१

नांगरधारी, तुमच्या हातात खडू द्यायला हवा होता, माझ्या वर्गात. खांबांचं तर सोन्यासारखं.

त्याला जोडून एक. शेतात उतरलं की विमान मोडेल, मोडू दे. पंख, चाकं, शेपूट हे सगळं आपल्याऐवजी मोडायलाच असतं. ताशी ८० किलोमीटर वेग असेल आणि विमान एकसारखं थांबत गेलं तर जेमतेम ३ मीटरमध्ये थांबूनही शरीरावर ९ जी (आपल्या वजनाच्या नऊपट) एवढाच भार येतो, बेल्ट नीट आवळलेला माणूस तो सोसू शकतो. तेच ताशी १६० ला साडेअकरा मीटर लागतात. वेग दुप्पट, अंतर चौपट. म्हणून टेकेपर्यंत विमान ताब्यात ठेवायचं, वाऱ्यात तोंड, फ्लॅप पूर्ण, जेवढं हळू टेकता येईल तेवढं. शेवटी दोन झाडं असतील तर दोघांच्या मधून, पंख त्यांना देऊन टाका. पण स्टॉल होऊन शंभर फुटांवरून नाकावर आलं तर गणित संपलं.

---

हडपसरी | १६ मार्च, सकाळी ७:४०

हा विषय ग्लायडरवाल्यांना नवा नाही. पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला विंचने दोर ओढून वर नेतात. दोर तुटणार हे गृहीतच धरलेलं असतं, एकट्याने उडायच्या आधी शिकवणारे मुद्दाम दोर सोडून बघतात. नाक केवढं वर असतं त्या वेळी! दोर सुटला की पहिलं काम, नाक खाली आणि वेग येईपर्यंत थांब. वळायचं की सरळ जायचं हे त्यानंतर. घाईत आधी वळला तो फसला. आम्हाला इंजिनच नाही त्यामुळे ते परत सुरू होईल या आशेत वेळ जात नाही, हा एक फायदा.

---

रानपाखरू | १६ मार्च, रात्री १०:०३

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी. सगळं दोनदा वाचलं, वहीत उतरवलं. १ ला ९ आणि १ ला ११ वालं वाचून मी कागद घेऊन बसले, आमच्या धावपट्टीची लांबी घालून काढलं, मला वाटत होतं त्याच्या जवळपासही पोचत नाही.

@कॅप्टनकाका, एक विचारू? समजा सर्किटमध्येच (धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या चौकोनी फेरीत) इंजिन गेलं, डाउनविंडला (धावपट्टीला समांतर, उलट दिशेने जाताना), हजार फुटांवर, तर?

---

निवृत्त_कॅप्टन | १७ मार्च, सकाळी ६:१२

विचार की. तिथे तुझ्याकडे श्रीमंती आहे. हजार फूट म्हणजे साधारण दीड नॉटिकल मैल आणि सव्वा मिनिटाच्या थोडं वर. धावपट्टी तुझ्या डाव्या खांद्याशी. चूक एकच होते, लोक सवयीने नेहमीच्या जागेपर्यंत पुढे जातात आणि मग वळतात. तसं नको, ६८ नॉट धर आणि लगेच धावपट्टीकडे वळायला घे. नेम धावपट्टीच्या सुरुवातीला नको, एक तृतीयांश आत धर. जास्त उंची घालवता येते, स्लिप (विमान तिरकं धरून घसरत उतरवणं) आहे, फ्लॅप आहेत, कमी पडली तर उधार मिळत नाही. फ्लॅप लावायचे ते आपण पोचणार याची खात्री झाल्यावरच.

पेट्रोलचा सिलेक्टर, पंप, मिक्स्चर (हवा-पेट्रोलचं प्रमाण), मॅग्नेटो यावरून एकदा हात फिरव, वेळ असेल तर. टेकऑफनंतर ३०० फुटांवर गेलं तर सुरू करायच्या नादाला लागू नकोस. मेडे (रेडिओवरची संकटाची हाक) म्हणायचं असेल तर शेवटी. टॉवरवाला वरून हात देऊन उचलत नाही.

आणि लक्षात ठेव, सर थ्रॉटल ओढतात तेव्हा इंजिन चालूच असतं. खरं बंद पडलं की वाऱ्यावर फिरणारा पंखा ब्रेकसारखा ओढतो, सरावापेक्षा जरा जास्तच खाली येशील.

मागे वळण्याचं म्हणशील तर सरांना घेऊन ३,००० फुटांवर जा. चढाईचा वेग धर, थ्रॉटल बंद, चार सेकंद मोजून हात बांधून बस, मग ४५ अंश, सव्वादोनशे अंशापर्यंत आणि उलट वळून सरळ. किती फूट गेले ते बघ. जो आकडा येईल त्यात निम्मा अजून मिळव. तो तुझा आकडा, माझा नाही की रॉजर्स यांचा नाही. त्याच्या खाली मागे बघायचंच नाही.

---

पुणेरी_शंका | १७ मार्च, सकाळी ९:३०

मान्य. "कुठल्या महिन्यात" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

---

रानपाखरू | २३ मार्च, रात्री ९:१५

अपडेट! सरांना विचारलं, ते लगेच तयार झाले (संशय बळावला). तीन वेळा करून बघितलं वर. पहिल्यांदा ५८० फूट गेले, दुसऱ्यांदा मी नाक वर ओढलं आणि पिपाणी, ती धरत नाही, तिसऱ्यांदा ५२०. कॅप्टनकाकांच्या हिशोबाने ५८० अधिक निम्मे, म्हणजे ८७०. सर म्हणाले तू तुझ्यासाठी हजार धर, गोल आकडा घाबरल्यावर आठवतो. म्हणजे माझ्यासाठी टेकऑफनंतर मागे वळणं हा प्रकारच नाही, सर्किटची उंची येईपर्यंत समोरच.

आता मी धावपट्टीवर उभी राहिले की मोठ्याने बोलते, एकटी असले तरी. "धावपट्टीवर असताना गेलं तर थ्रॉटल बंद, ब्रेक. चाकं उचलल्यावर गेलं तर नाक खाली, ७०, समोर तीस अंश डावी-उजवी. हजाराच्या खाली मागे नाही. आज वारा डावीकडून, म्हणून डावीकडची रानं." पहिल्या दिवशी स्वतःचाच आवाज ऐकून हसू आलं.

आणि आज सकाळी सरांनी परत ओढला. ५०० वर. या वेळी हात आधी पुढे गेला, खरंच, विचार करायच्या आधी. समोरची काच नुसती शेतांनी भरली, पोटात गोळा आला पण काटा ७० वर. डावीकडे थोडं वळून एक पिवळट रान धरलं, लांबुळकं, वाऱ्याकडे तोंड होईल असं. पेट्रोल बंद, मॅग्नेटो बंद, दार उघडं, हे सगळं नुसतं हात लावून बोलून दाखवलं. सरांनी बऱ्याच खालून पॉवर दिली आणि म्हणाले, "वाचलो. घरी सांगायची गरज नाही." चहा त्यांनी पाजला.

---

नांगरधारी | २३ मार्च, रात्री ९:४०

लई भारी ताई. रान कुठलं धरलं? धावपट्टीच्या कुठल्या अंगाला?

---

रानपाखरू | २३ मार्च, रात्री ९:४४

उगवतीला, ओढ्याच्या अलीकडे. काढलेला हरभरा असावा. कडेला एक मोठं चिंचेचं झाड आहे.

---

नांगरधारी | २३ मार्च, रात्री ९:५२

म्हंजी आमच्याच हितलं दिसतंय की ओ! चिंचेपसनं पन्नास पावलांवर मोटारीची खोली हाय, पत्र्याची, मातीच्या रंगाची, आणि तिथनं दोन खांब ओढ्याकडं गेल्यात. दिसले का?

---

रानपाखरू | २३ मार्च, रात्री ९:५५

नाही.

---

नांगरधारी | २३ मार्च, रात्री १०:०१

मग त्याच्या पल्याडचं धरा. गव्हाचं हाय, परवा काढून हुईल.